पाणी दुतोंड्याच्या कुठपर्यंत?

पत्रकारितेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात विचारतात, ‘रोज कोणता पेपर वाचता?’ आमच्या वर्गाने खरं काय ते सांगून टाकलं. पेपर घरी येतो, वडील वाचतात, आम्ही इन्स्टाग्राम बघतो. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘बघा खुशाल. फक्त रोज रात्री वहीत तीन रकाने भरायचे. आज काय कळलं, कोणाकडून कळलं, आणि ज्याने सांगितलं त्याला कुठून कळलं.’

पहिले दोन रकाने भराभर भरत. तिसऱ्याला वर्गाची दमछाक व्हायची. पुढे बातमीलेखन झालं, संपादन झालं, माध्यमांचे कायदे झाले, ६ जानेवारी १८३२ च्या ‘दर्पण’पासूनचा इतिहास झाला, पण मला विचाराल तर खरा अभ्यासक्रम त्या तिसऱ्या रकान्यात होता. पुढच्या तुकडीतली मुलं विचारतात, फोनवरून बातम्या बघाव्यात की नाही. बघाव्यात, मी तर दिवसभर बघते. त्यातून जे हाताशी लागलं ते खाली लिहिलंय. क्रम लावलेला नाही.

१. पुराची बातमी धरणापासून वाचायची

पावसाळ्यात नाशिककर एकमेकांना क्युसेक विचारत नाहीत. विचारतात, ‘पाणी दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलं?’ गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही आमची पूरपट्टी. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. कमरेपर्यंत आलं की बघ्यांची गर्दी होते, त्याहून वर चढायला लागलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल हलवतात. हे मोजमाप उत्तम आहे, कारण ते एका जागेचं आहे आणि कोणालाही जाऊन बघता येतं.

घोटाळा व्हिडिओपाशी होतो. २ ऑगस्ट २०१६ चा पूर आणि ४ ऑगस्ट २०१९ चा पूर, या दोन्हींचं चित्रण फोनाफोनांत पडून आहे. जुलै उजाडला की ते नव्याने वाहायला लागतं. मारुती तोच, पूल तोच, पाण्याचा मातकट रंगही तोच. अशा वेळी मूर्तीकडे बघून काही उपयोग नाही, तिच्या मागे बघायचं. घाटावर मधल्या काळात कामं झाली, फरशा बदलल्या, दुकानांचे फलक बदलले. आणि त्या दिवशी गंगापूर धरणातून विसर्ग किती होता, हे पाटबंधारे विभागाच्या आकड्यांत सापडतं. विसर्ग दोन हजार क्युसेक असेल आणि व्हिडिओत मारुती बुडालेला असेल, तर दोहोंतलं एक त्या दिवसाचं नाही.

आकड्यांतही एक फसगत आहे, ती मला वर्गात नव्हे, नकाशा समोर घेऊन बसल्यावर कळली. ‘गोदावरीत इतके हजार क्युसेक’ असं नुसतं लिहिणं अर्धवट आहे. गंगापूर धरणाचा आकडा वेगळा, होळकर पुलाखालचा वेगळा, कारण मधे शहराचे नाले मिळतात. आणि नांदूरमध्यमेश्वरचा तर फारच वेगळा, कारण तिथपर्यंत दारणा आणि कादवा येऊन मिळालेल्या असतात. जायकवाडीकडे जाणारं पाणी म्हणून नांदूरमध्यमेश्वरचा मोठा आकडा जाहीर होतो, कोणीतरी त्यावर रामकुंडाचा फोटो चिकटवतं, आणि मुंबईतली मावशी फोन करून विचारते, ‘तुम्ही सुखरूप आहात ना?’ एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. तेवढं एक ध्यानात ठेवलं तरी आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो.

२. मृतांच्या आकड्याला वेळ जोडायची

२१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. दुपारी बातमी आली तेव्हा आकडा ११ होता. संध्याकाळी २२ झाला. पुढे २४. हे तिन्ही आकडे आपापल्या वेळी बरोबर होते. पण समाजमाध्यमावर सकाळचं दुपारी आणि दुपारचं रात्री सारख्याच ताजेपणाने समोर येतं. मग लोक भांडतात, ‘आकडा लपवतायत’ म्हणून. कधी खरंच लपवतात, ते वेगळं शोधावं लागतं. पण आधी दोन पोस्टमधलं अंतर किती तासांचं आहे ते बघायचं.

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडवर यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस ट्रेलरला धडकून पेटली, तेव्हाही आकडा असाच सरकला. आमच्या सरावाच्या बातम्यांत त्यामुळे एक शिस्त आली: ‘रात्री नऊपर्यंत मिळालेल्या माहितीनुसार’. वाक्य रुक्ष आहे. असू दे.

३. कॅमेऱ्यासमोर घडलं तेवढंच घडलं असं नाही

झाकिर हुसेनचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला त्यांच्या डोळ्यांपुढे तो पांढरा धूर अजून असेल. टाकीच्या आवारात ढगासारखं काही पसरतंय, माणसं तोंडाला कापड लावून धावतायत. बघणाऱ्याला वाटतं, जे गेले ते या धुराने गेले. तसं नव्हतं. अतिथंड द्रव ऑक्सिजन बाहेर पडला की हवेतली वाफ गोठून असा पांढरा पडदा दिसतो. माणसं गेली ती आत, खाटांवर, नळीतला दाब उतरल्यामुळे. ती खोली कोणत्याही व्हिडिओत नव्हती.

वर्गात घटनेचे व्हिडिओ दाखवले की मी आता एक प्रश्न लिहून काढते: यात कोणती जागा दिसत नाही? बातमी बऱ्याचदा तिथे असते.

४. अधिसूचनेने आलेली बंदी अधिसूचनेनेच जाते

हा मुद्दा लांबेल, कारण आमचं घर कांद्याचं. निफाड तालुक्यातली दीड-दोन एकराची माणसं आम्ही, नजर कायम लासलगावकडे.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. मग ७ डिसेंबरला अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून निर्यातच बंद, ३१ मार्च २०२४ पर्यंत. जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, ते सगळ्यांनी पाहिलंय. मला सांगायचंय ते फेब्रुवारीचं. १८-१९ फेब्रुवारीला बातमी आली की बंदी उठवली. फॉरवर्डमधली अफवा नव्हे. वाहिन्यांनी दाखवली, पेपरांनी छापली, नेत्यांनी अभिनंदनाची पोस्टर फिरवली. लासलगावात १७ तारखेला क्विंटलला १,२८० रुपये असलेला भाव १९ तारखेला १,८०० वर गेला.

मी तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला. बाबांचा फोन आला. ‘उठली म्हणे बंदी. खरंय का गं? ट्रॅक्टर उद्या भरू का थांबू?’

शहरात बसलेल्या माणसाला यातली मेख कळत नाही. फेब्रुवारीतला कांदा लाल असतो. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत महिनोन्‌महिने राहत नाही. काढला की विकावाच लागतो; फार तर चार-आठ दिवस पुढेमागे. त्या चार-आठ दिवसांचा निर्णय एका बातमीवर. बातमी खरी तर थांबायचं, खोटी तर आजच्या आज चढ्या भावात विकून मोकळं व्हायचं.

मला तेव्हा पत्रकारितेचं ओ की ठो कळत नव्हतं, पण बारावीला सहकार शिकवणाऱ्या सरांचं एक बोलणं आठवत होतं: कागदाने बांधलेली गाठ कागदानेच सुटते. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर गेले. ७ डिसेंबरची अधिसूचना होती. ती रद्द करणारी कुठेही नव्हती. बाबांना तेवढंच सांगितलं: ‘कागद निघालेला नाही.’ त्यांनी दुसऱ्या दिवशी माल नेला. २० फेब्रुवारीला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनीच सांगितलं की बंदी ३१ मार्चपर्यंत कायम आहे. मार्च संपायच्या आत ती पुढेही वाढवली. उठली ती ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलरच्या किमान निर्यातमूल्याची आणि ४० टक्के शुल्काची अट घालून.

गंमत अशी की ती फेब्रुवारीची बातमी शंभर टक्के हवेतली म्हणता येणार नाही. दिल्लीत चर्चा चालू होती. काही देशांना ठरावीक माल पाठवायला पुढे मोकळीक मिळालीही. पण ‘चर्चा झाली’, ‘ठरलं’ आणि ‘निघालं’ या तीन वेगळ्या क्रिया आहेत. ब्रेकिंगच्या लाल पट्टीत तिन्हींचं एकच होतं, आणि त्याची किंमत बाजार समितीच्या आवारात उभा असलेला माणूस मोजतो.

भावाच्या पोस्टबद्दलही जाता जाता. समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे असतात. समाजमाध्यमावर चमकतो तो कमाल, म्हणजे एखाद्याच निवडक मालाला मिळालेला. शेतकऱ्याने धरायचा तो सरासरी. बातमीदाराने तिन्ही द्यायचे. अजूनही पुष्कळ जण देत नाहीत, याचा मला राग येतो.

५. व्हिडिओ कुठे कापलाय ते बघायचं

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवारचा बाजार. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना गावकऱ्यांनी मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. त्याच रात्री आमच्या जिल्ह्यात, मालेगावात, लहान मूल बरोबर असलेल्या एका कुटुंबाला जमावाने घेरलं. तिथे मात्र वस्तीतल्याच माणसांनी त्यांना घरात घेतलं, पोलिस आले आणि ती माणसं वाचली. राईनपाडा देशाला ठाऊक आहे. मालेगावची ती रात्र मालेगावाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही. वाचलेल्यांची बातमी आमच्या धंद्यात लहान टाइपात जाते.

त्या दिवसांत देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकावर आम्ही वर्गात पूर्ण तासिका घालवली. दोघं जण मोटारसायकलवरून येतात, रस्त्यात खेळणारं पोर उचलतात, पसार होतात. चित्रण कराचीतलं. मुलांच्या सुरक्षेसाठी तिथल्या एका संस्थेने केलेली ती जनजागृतीची फिल्म. मूळ फिल्ममध्ये पुढच्या काही क्षणांत ते दोघं परत येतात, मूल सोडतात आणि फलक धरतात. फिरणाऱ्या व्हिडिओत शेवट छाटलेला. खोटं काहीच मिसळलं नव्हतं. खरं तेवढं काढून टाकलं होतं.

शोधायची पद्धत सोपी आहे. व्हिडिओ थांबवून दोन-तीन चौकटी काढायच्या, त्यांचा उलटा चित्रशोध करायचा, सर्वांत जुनी प्रत गाठायची. वर्गातल्या निम्म्यांना दहा मिनिटांत मूळ सापडलं. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. तो दुहेरी बाण दिसला की मी सावध होते. पण बाण नसला म्हणून निर्धास्त होत नाही. लोक मजकूर चिकटवून नव्याने पाठवतात, मग बाण जातो.

६. बिबट्या दिसला, तर जाऊ नका

२५ जानेवारी २०१९ ला सावरकरनगरात बिबट्या शिरला. बातमी पसरली, गर्दी लोटली, आणि जखमींमध्ये पत्रकारही होते. एवढं पुरे. हल्ली भर अशी की बिबट्याची छायाचित्रं कृत्रिम बुद्धिमत्तेने घरबसल्या बनतात, आणि वनविभागाची माणसं नसलेल्या बिबट्यामागे पळतात. वनपालाला एक फोन लावायचा, ठसे मिळाले का विचारायचं. ठसा चिखलात उमटावा लागतो, तो अजून तरी फोनवर बनत नाही.

७. सहा ककारांतला ‘कोण’ कधी कधी लिहायचा नसतो

काय, कुठे, केव्हा, कोण, का, कसं. पहिल्या सत्रात हे इतकं घोकून घेतात की ‘कोण’ सुटलं की गुण कापतात. मग कायद्याचा पेपर येतो आणि सांगतो की लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं ७२ वं कलम, आणि मूल असेल तर पॉक्सोचं २३ वं. ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे. शाळा, गल्ली, घराचं दार, आईचा चेहरा, सगळं त्यात आलं. रील बनवणारी पोरं नाव झाकतात आणि घरासमोर उभं राहून बोलतात. वर्गात यावरून वाद झाला. एक जण म्हणाला, ‘मॅडम, सगळ्या गावाला माहितीच असतं.’ मॅडम म्हणाल्या, ‘गावाला असू दे. तुझ्याकडून नको.’

८. कमेंट मोजत नाहीत, हरकत मोजतात

नोव्हेंबर २०२५ मध्ये तपोवनातल्या झाडांवरून शहर पेटलं. सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचं, त्यासाठी सतराशे-अठराशे झाडांवर संक्रांत. माझं फीड आठवडाभर नुसतं हिरवं. एका बाजूची रील म्हणे, सबंध तपोवन भुईसपाट होणार. दुसऱ्या बाजूची म्हणे, झाडं कुठली, झुडपं आहेत. दोन्हींकडे पार्श्वसंगीत उत्तम.

आम्हाला दिलेलं काम निराळं होतं: मूळ जाहीर सूचना वाचा. झाडांसाठीचा राज्याचा कायदा १९७५ चा आहे. त्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याला तोडीआधी सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. अशा सूचनेत झाडांची संख्या येते, मुदत येते, हरकत कुठे द्यायची ते येतं. रुक्ष कागद, बारीक टाइप. तो वाचल्यावर प्रश्न आपोआप नेमके होतात. यातली जुनी किती? पुनर्रोपण कुठे? आधीची पुनर्रोपित झाडं जगली का? मी झाडांच्या बाजूची आहे, ते लपवत नाही. म्हणून तर सांगते, रीलखाली हजारो कमेंट पडल्या त्या कोणत्याही सुनावणीत मोजल्या जात नाहीत. नाव-पत्ता-सही असलेली अर्ध्या पानाची हरकत मोजली जाते. ज्या रीलवाल्यांनी हरकत द्यायची मुदत सांगितली, त्यांनी माझ्या मते पत्रकारिता केली. बाकीच्यांनी वातावरण केलं. वातावरणही लागतं म्हणा.

९. कंटाळवाणी खाती पाळायची

माझ्या यादीत जिल्हा माहिती कार्यालय आहे, मुंबई वेधशाळा आहे, बाजार समित्या आहेत, महापालिका, ग्रामीण पोलिस, मध्य रेल्वे. हजार-दोन हजार ‘लाइक’ त्यांना स्वप्नातही मिळत नाहीत. शिवाय ही सरकारी खाती आपली बाजू सांगतात, आपली चूक सांगत नाहीत, तेव्हा त्यांच्यावरही विसंबायचं नाही. पण एक फरक आहे. तिथे लिहिलेलं कोणी लिहिलं हे ठाऊक असतं आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन ‘काल तुम्ही असं म्हणालात’ असं विचारता येतं. ‘आपलं नाशिक’सारख्या नावाच्या पानांना कुठे जाऊन विचारणार? त्या पानांवर बातमीची पहिली कुणकुण लागते, हे मात्र शंभर टक्के खरं. पाणी कुठे आलं नाही, कुठला रस्ता खचला, कोणत्या शाळेत शिक्षक नाहीत, हे तिथेच आधी कळतं. कुणकुण तिथून घ्यायची, माणूस आपण शोधायचा.

१०. आधीच्या सिंहस्थाच्या फायली उघडायच्या

१८४० पासून चालत आलेलं आमचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे ‘सावाना’. दुपारी तिथे निवृत्त मंडळी पेपर वाचत बसतात आणि पत्रकारितेची पोरं क्वचित येतात. यंदा प्रकल्पासाठी मी २००३ चा सिंहस्थ घेतला. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. साधूने नाणी उधळली आणि ती वेचायला लोक झुकले, ही गोष्ट त्याच दिवशी देशभर गेली. पंचवटीत आजही विचारा, तीच सांगतील. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं, फोनवर कॅमेरा असलेला माणूस विरळा. गोष्ट तरीही वाऱ्यासारखी धावली, कारण ती सांगायला सोपी होती. अरुंद उताराचा रस्ता, बांबूच्या अडथळ्यांमागे रोखून धरलेली गर्दी, हे सांगायला अवघड. चांगल्या बातमीदारांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते लिहिलं, तोवर पहिली गोष्ट रुजली होती.

आता पुढचा सिंहस्थ दाराशी आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६, अमृतस्नानं २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७. तिसरं स्नान नाशकात ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरी १२ ला. ही एक दिवसाची तफावत फीडवर कशी खिचडी होईल ते मला आताच दिसतंय: नाशिकची गर्दी त्र्यंबकच्या नावावर, त्र्यंबकचा व्हिडिओ रामकुंडाच्या नावावर, आणि मधल्या रस्त्यावर अडकलेल्यांचं काय चाललंय ते कोणालाच ठाऊक नाही. त्या दिवशी नेटवर्कही दम टाकेल, गणपती विसर्जनालाच टाकतं. म्हणून सध्या रविवारी मी आणि वर्गातले दोघं-तिघं मालेगाव स्टँड, सरदार चौक, रामकुंड हा भाग पायी फिरतो. कुठे उतार आहे, कुठल्या बोळातून बाहेर पडता येतं, पोलिस चौकी कोणती, दवाखाना कुठे, कुठल्या दुकानदाराकडे लँडलाइन अजून शिल्लक आहे, ते टिपून ठेवतो. सरदार चौकातल्या एका पूजासाहित्यवाल्या काकांनी परवा विचारलं, ‘कसला सर्व्हे आहे, ताई? दुकान जाणार का आमचं?’ सर्व्हे नाही म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. पण २००३ ला ते याच दुकानात होते. बसा म्हणाले, आणि अडथळे नेमके कुठे लावले होते ते हाताने दाखवायला लागले.